पहिली काही मिनिटे तुमची

गेला पंधरवडा दवाखाना मिटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी होतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कार्डियाक लाइफ सपोर्ट’ या अभ्यासक्रमाची तयारी चालू आहे. त्याचे प्रमाणपत्र दोनच वर्षे ग्राह्य असते. माझे केव्हाच कालबाह्य झाले. पूर्वचाचणीत ७० टक्के गुण लागतात. पहिल्या खेपेस मला ६४ मिळाले!

हृदयाच्या कोणत्या लयीला विजेचा झटका द्यावा, कोणत्या लयीला तो निरुपयोगी, अ‍ॅड्रिनॅलिन दर तीन ते पाच मिनिटांनी किती, हे सारे पुन्हा पाठ होत आहे. परंतु हृदय थांबल्यावरच्या प्रत्येक तक्त्याची पहिली पायरी एकच आहे: छाती दाबणे. तिला उशीर झाला, तर पुढचे उपाय बहुधा व्यर्थ जातात.

काही वर्षांपूर्वी माझे एक वृद्ध रुग्ण घरी कोसळले. मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दहा मिनिटे लोटली होती. घरात चार माणसे होती. कोणी पाणी पाजू पाहत होते, कोणी तळवे चोळत होते. छातीवर हात कोणीच ठेवला नव्हता. दोष त्यांचा नव्हता. त्यांचा डॉक्टर असून मी ते कधी शिकवलेच नव्हते.

म्हणून आज सांगतो. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. रुग्णाला गादीवरून जमिनीवर उताणे घ्या. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी दाबणारा बदला. बरगडी मोडेल या भयाने थांबू नका.

गुडघे टेकणे तुम्हांस शक्य नसेल, तर दाराची कडी काढून शेजाऱ्यांना बोलवा. रोजच्या औषधांची यादी फोनजवळ असू द्या. हृदय का थांबले, हे शोधताना ती आम्हांला मोलाची ठरते.

रोज रात्री मी जमिनीवर लोड ठेवून सराव करतो, आमच्या सौ. घड्याळ धरून मोजतात. दोन मिनिटांतच दम लागतो. तुम्हीही घरातील सर्वांना जमवून एकदा करून पाहा. मात्र लोडावरच, धडधाकट माणसावर नव्हे.