दोन डॉलरची वर्गणी

देणगी आणि वर्गणी यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वर्गणी ठरलेली असते, सगळ्यांना सारखी असते आणि ती भरली की हिशेब विचारायचा हक्क आपोआप येतो. समाजकार्याची चर्चा मात्र आपण नेहमी मोठ्या देणगीदारांभोवती फिरवतो. मुलांसाठीचे एखादे काम पिढ्यान्‌पिढ्या चालायला हवे असेल, तर त्याचा पाया वर्गणीचाच असावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतल्या श्राइनर्स या बंधुसंघटनेचा इतिहास या मताला भक्कम आधार देतो.

१८७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर वॉल्टर फ्लेमिंग आणि नट विल्यम फ्लॉरेन्स यांनी फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेतल्या मंडळींसाठी ही संघटना काढली, ती चार मित्रांनी एकत्र यावे, मजेत वेळ घालवावा म्हणून. गोंड्याची लाल तुर्की टोपी, बँड, मिरवणुका, मेजवान्या यांत जवळजवळ ५० वर्षे गेली. १९२० साली पोर्टलंडच्या अधिवेशनात संघटनेचे प्रमुख फ्रीलंड केंड्रिक यांनी ठराव आणला: अपंग मुलांच्या रुग्णालयासाठी प्रत्येक सभासदाने वर्षाला २ डॉलर द्यावेत. सभागृहात चलबिचल झाली. तेव्हा अटलांटाचे फॉरेस्ट अडेअर बोलायला उठले. पहाटे हॉटेलच्या खोलीत त्यांना जाग आली, तेव्हा खाली रस्त्यावरून एक वादक बुडबुड्यांवरचे एक लोकप्रिय गाणे वाजवत एकटाच हिंडत होता. आपली संघटनाही इतकी वर्षे बुडबुडेच उडवत आली नाही का, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. गाण्यांवर, बँडवर पैसा उडवून झाला, आता तो माणसांसाठी खर्च करू, असे त्यांनी सांगितले आणि ठराव एकमताने संमत झाला. नेतृत्व म्हणतात ते याला. केंड्रिक यांनी सभासदांची मौज बंद केली नाही. त्या मौजेला त्यांनी एक कायमचे देणे जोडून दिले.

१९२२ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला पहिले रुग्णालय सुरू झाले आणि दशक संपेपर्यंत डझनाहून अधिक उभी राहिली. पोलिओने लुळे पडलेले पाय, जन्मतः वळलेली पावले, वाकलेले कणे यांवर तिथे उपचार होत आणि आईबापांना बिल दिले जात नसे. पुढे लस आली आणि पोलिओ ओसरला. तेव्हा काम संपले असे संघटनेने मानले नाही. भाजलेल्या मुलांसाठी खास सोय फारशी कुठे नाही हे हेरून तिने १९६० च्या दशकात गॅल्व्हेस्टन, सिनसिनाटी आणि बोस्टन इथे रुग्णालये काढली. १९८३ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात दोन लहान भाऊ आले. त्यांची ९५ टक्क्यांहून अधिक त्वचा जळालेली होती. उरलेल्या इवल्याशा निरोगी कातडीतून प्रयोगशाळेत त्वचेचे पातळ थर वाढवले गेले, ते अंगावर बसवले गेले आणि दोन्ही मुले वाचली.

यावर कुणी म्हणेल, सक्तीने घेतलेले पैसे म्हणजे दान कसले? शिवाय २ डॉलरने इस्पितळे चालत नाहीत. खरा पैसा मृत्युपत्रांतून आणि मोठ्या देणग्यांतूनच आला. दुसरा मुद्दा खरा आहे, पण मृत्युपत्रात माणूस आपली पुंजी ठेवतो ती चालत्या कामाच्या नावावर, आणि वर्षानुवर्षे ते काम चालते ठेवले वर्गणीने. सक्तीच्या आक्षेपाला २००९ सालानेच उत्तर दिले. मंदीत संघटनेचा निधी ८ अब्ज डॉलरवरून ५ अब्जांच्या आसपास घसरला. सहा रुग्णालये बंद करण्याचा प्रस्ताव आला. त्यांत पहिले, श्रीव्हपोर्टचेही होते. सॅन अँटोनियोच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी तो नाकारला. मात्र नुसत्या भावनेवर ते थांबले नाहीत. ज्यांच्याकडे विमा आहे त्यांच्या विमा कंपनीकडून पैसे घ्यायचे, ज्यांना परवडत नाही त्यांना पूर्वीसारखेच उपचार द्यायचे, ही कडू गोळीही त्यांनी गिळली. पुढे त्या सहांपैकी एरीसारख्या ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाच्या खाटा गेल्याच, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही भर मंदीत रुग्णालयांसाठी उभे राहिले ते वर्गणीदार सभासदच.

याहून गंभीर आक्षेप बंधुभावाच्या कुंपणाचा आहे आणि तो मला मान्य आहे. कृष्णवर्णीयांनी १८९३ मध्ये शिकागोत आपली वेगळी श्राइन स्थापन केली, तर तिने हे नाव आणि ही टोपी वापरू नये म्हणून गोऱ्यांची संघटना कोर्टात गेली. १९२९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कृष्णवर्णीयांच्या बाजूने दिला. ज्या दशकात एक हात मुलांसाठी रुग्णालये बांधत होता, त्याच दशकात दुसरा हात हा खटला लढत होता. स्त्रियांना तर आजही सभासदत्व नाही. पैशाच्या बाबतीतही एक खोट आहे. संघटनेच्या शाखा गावोगाव जी श्राइन सर्कस भरवतात, तिचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी स्थानिक शाखेच्या खर्चाला जाते आणि तिकीट काढणाऱ्याला वाटते, आपण आजारी पोरांना मदत केली. वर्गणी घेणाऱ्याने हा घोळ एक दिवसही चालू देऊ नये. शाखेचा पैसा कुठला आणि मुलांचा कुठला, हे तिकिटावरच ठळक छापायला हवे.

कुंपणाची किंमत आता मुलांनाच मोजावी लागेल, अशी मला भीती वाटते. एके काळी नऊ लाखांच्या पुढे गेलेली सभासदसंख्या आज त्याच्या चौथाईवरही नाही. निधीचे व्याज येत राहील, डॉक्टरांचे पगार निघतील. पण दूरच्या गावातल्या मुलाला शस्त्रक्रियेसाठी आणि मग तपासणीसाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यायचे असते, तेव्हा शाखेची व्हॅन दारात येते. तिच्या चाकामागे बसलेला सभासद मोबदला घेत नाही. व्याजातून व्हॅनचे पेट्रोल भरता येते. शेकडो मैल गाडी हाकायला माणूसच लागतो, आणि तो बहुतेकदा निवृत्त झालेला, सत्तरीकडे झुकलेला असतो. त्याच्यानंतर ती किल्ली घ्यायला कितीतरी बायका तयार होतील. सभासद होण्याची मुभा मात्र त्यांना अजून नाही.