कॅमेऱ्याचे कार्ड म्हणजे कच्ची वही



आमच्या नवलाख उंबरे गावात पुतणीचे लग्न झाले. पुतण्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने हौसेने सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घेतला होता. कार्ड मी आणून दिले. एका पथारीवर '५१२ जीबी' छापलेले कार्ड स्वस्तात मिळाले. बिल मागितले नाही. रात्री संगणकावर पाहिले, तर सुरुवातीचे फोटो उघडले आणि पुढचे सगळे करडे पट्टे. त्या न उघडलेल्या फोटोंत माझी आत्या होती, वधू-वरांवर फुले टाकताना. चार महिन्यांनी आत्या गेली. तिचा शेवटचा फोटो माझ्या काटकसरीने घालवला.

नंतर तपासले तेव्हा कार्डात खरी जागा ८ जीबीच निघाली. अशा बनावट कार्डात जागा थोडी असते, पण कॅमेऱ्याला मोठा आकडा सांगण्याची सोय केलेली असते. जागा संपली तरी कार्ड 'घेतले, घेतले' म्हणत राहते. पासबुकात मोठी शिल्लक आणि खात्यात दमडी नाही, तसला प्रकार.

म्हणून कार्ड घेताना काही गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपला कॅमेरा कोणते कार्ड घेतो? कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी त्यापुढे २ टीबीपर्यंत असते. जुन्या कॅमेऱ्यात नवे मोठे कार्ड अनेकदा चालत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. कार्डावर गोल 'सी' अक्षरात १० असेल, तर ते सेकंदाला किमान १० एमबी लिहिते. घरगुती फोटोंना तेवढे पुरते. मोठा, स्पष्ट फोरके व्हिडिओ काढायचा असेल तर 'यू ३' किंवा 'व्ही ३०' घ्यावे. त्यांचा वेग किमान ३० एमबी असतो.

तिसरी गोष्ट जागेची. एक फोटो ८ एमबीचा धरला, तर ३२ जीबीत सुमारे ४,००० फोटो मावतात. एकाच मोठ्या कार्डापेक्षा ३२ जीबीची दोन कार्डे बरी. एक बिघडले तरी अर्धे लग्न हाती राहते.

चौथी गोष्ट, पक्के बिल घ्यावे. कार्ड आणल्यावर 'एच टू टेस्ट डब्ल्यू' या मोफत प्रोग्रामने संगणकावर तपासावे. तो कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतो. वेळ लागतो, पण खरी शिल्लक कळते. तपासणी रिकाम्या कार्डावरच करावी आणि नंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

सोबत एक कार्ड रीडर आणि छोटी प्लास्टिकची डबी घ्यावी. आपल्या मावळातला पाऊस सर्वांना माहीत आहे. कॅमेरा ठेवण्याच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. एसडी कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो. तो 'लॉक'कडे सरकवला की मुलांच्या हातून फोटो पुसले जात नाहीत. तरीही चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. 'फोटोरेक' नावाच्या मोफत प्रोग्रामने ते बरेचदा परत मिळतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. कार्ड ही कच्ची वही आहे. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री पक्क्या वहीत उतरवतो. आपणही फोटो त्याच रात्री संगणकावर उतरवावेत आणि दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करावी. ती डिस्क शक्यतो भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये. कार्ड कपाटात वर्षानुवर्षे ठेवून फोटो टिकतील, या भरवशावर राहू नये. निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत, मागे नाव आणि तारीख लिहावी.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण सहकुटुंब तिथे जातो, म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसवून फोटो काढतो. निघण्यापूर्वी कार्ड तपासा. घरी आल्यावर जेवण थोडे उशिरा झाले तरी चालेल, पण आधी फोटो उतरवून घ्या. कार्ड नवे मिळते, त्यातले माणूस पुन्हा मिळत नाही.

जय भीम.