पगारवाढीवर परदेशी उतारा

वैमानिक मिळत नाहीत, अशी अमेरिकी विमान कंपन्यांची ओरड आहे. त्यावर छोट्या शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांनी करोनानंतर सोपा उतारा शोधला. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी २००५ पासून असलेला ‘ई-३’ हा कामाचा व्हिसा वापरून त्यांनी तिथले वैमानिक आणायला सुरुवात केली. या व्हिसाची वार्षिक मर्यादा १०,५०० आहे. वैमानिकांच्या ‘अल्पा’ या संघटनेने अशा भरतीला विरोध केला. निव्वळ परकीयद्वेष म्हणून तो झटकून टाकता येणार नाही.

या विरोधामागे पगाराचा जुना प्रश्न आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत प्रादेशिक वैमानिकांचा थकवा आणि तुटपुंजा पगार चव्हाट्यावर आला. त्यानंतर, २०१३ पासून, सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. पेशात शिरण्याचा खर्च वाढला, पण पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत. करोनाकाळात मोठ्या कंपन्यांनी अनुभवी वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली आणि प्रवासी परतताच प्रादेशिक कंपन्यांचे वैमानिक ओढून घेतले. तेव्हा कुठे, २०२२ मध्ये, एन्व्हॉय आणि पीडमाँट या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. वर्षानुवर्षे ‘परवडत नाही’ म्हणून नाकारलेला पगार वैमानिक निघून जाऊ लागताच परवडू लागला.

व्हिसाचा परिणाम नेमका इथे होतो. परदेशी वैमानिक कमी पगारात राबतो असे नाही. कंपनीत युनियनचा करार असेल तर सेवाज्येष्ठतेनुसार दर सर्वांना सारखाच, आणि प्रचलित वेतन देण्याची अट व्हिसाच्या कायद्यातही आहे. फटका बसतो तो पुढच्या कराराला. रिकाम्या जागा बाहेरून भरता आल्या की वाटाघाटीच्या टेबलावर दर वाढवण्याची निकड उरत नाही. शिवाय व्हिसा मालकाशी बांधलेला असल्याने असा वैमानिक मोठ्या कंपनीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. प्रादेशिक कंपन्यांची खरी डोकेदुखी गळती ही आहे. त्यांना हा जखडलेला माणूस सोयीचाच.

भारतात तर परदेशी भरतीच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. परदेशी कंपन्या आमचे अनुभवी वैमानिक पळवतात, अशी तक्रार आपण २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे केली. त्याच वेळी आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परदेशी वैमानिकांना तात्पुरते परवाने देते, आणि देशी कमांडरला (मुख्य वैमानिकाला) मात्र राजीनाम्यानंतर वर्षभर, सहवैमानिकाला सहा महिने अडकवून ठेवते. लाखो रुपये कर्ज काढून परवाना मिळवलेली मुले इथे नोकरीच्या प्रतीक्षेत आहेत. तुटवडा आहे तो अनुभवी कमांडरांचा, आणि ते या मुलांमधूनच घडवावे लागतात.

परदेशी वैमानिकांना दारे बंद करा, असे कोणी म्हणू नये. भारतीय वैमानिकही आखातात जाऊन चार पैसे अधिक मिळवतातच. पण परवानगी देण्यापूर्वी सरकारने कंपनीला तीन प्रश्न विचारावेत: पगार किती वाढवला, किती नवशिक्यांना प्रशिक्षण दिले आणि परदेशी वैमानिकाला नोकरी बदलण्याची मोकळीक आहे का? समाधानकारक उत्तरे नसतील, तर त्या कंपनीला माणसांची नव्हे, खर्च करण्याच्या इच्छेची चणचण आहे, असे समजून तिचा अर्ज परत पाठवावा.