कागदावरचे बी



कांद्याचे बी साध्या डब्यात ठेवले, तर वर्षभरातच त्याची उगवणशक्ती झपाट्याने उतरते, हे आपण जाणता. जातिवंत वाण टिकवायचा तर बी नुसते जपून भागत नाही. ते वेळेवर पुन्हा लावावे लागते. आज याच नियमाचे एक उदाहरण शेताबाहेरचे सांगतो. ते आहे परदेशी सिनेमाच्या संगीताचे. विषय लांबचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या गावापर्यंत येतो.

मिक्लोश रोझा हे हंगेरीचे संगीतकार. जन्म १९०७ सालचा, बुडापेस्ट शहरातला. वडिलांची शहराच्या उत्तरेला शेतीवाडी होती. उन्हाळ्यात हा मुलगा तिथे जाई. शेतात राबणारी पालोत्स लोकांची बायामाणसे काम करताना आणि सणावाराला गात, त्यांच्या चाली तो एका छोट्या वहीत टिपून घेई. पुढे हा माणूस अमेरिकेत हॉलिवूडला गेला आणि मोठा झाला. १९५९ च्या 'बेन-हर' या चित्रपटाच्या संगीताने त्यांना तिसरे ऑस्कर पारितोषिक मिळाले. जाणकार मात्र सांगतात, की हंगेरीच्या शेतातला तो सूर त्यांच्या संगीतातून कधी गेला नाही.

त्यांच्या एका चित्रपटाशी आपल्या बाजूचाही धागा आहे. १९४२ च्या 'जंगल बुक'ची कथा नागपूरच्या उत्तरेकडील सिवनीच्या रानातली. त्यात मोगलीचे काम केले ते म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताच्या मुलाने, साबूने. पुढे या संगीताच्या तबकड्या निघाल्या, त्यांवर कथानिवेदनही साबूच्याच आवाजात होते.

'बेन-हर' सर्वांना माहीत झाला. पण रोझांच्या इतर पुष्कळ चित्रपटांचे संगीत मागे पडले. सिनेमातले संगीत संवादाखाली, घोड्यांच्या टापांखाली दबलेले असते. कित्येक चित्रपटांच्या संगीताची तबकडीच त्या वेळी निघाली नाही. चित्रपट पडद्यावरून उतरला, की संगीत उरे ते कागदावर. प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे ते ज्यात लिहिलेले असते, ती स्वरलिपी म्हणजेच त्या संगीताचे बी.

आणि हे बीच काहींनी फेकून दिले! १९७० च्या सुमारास एम.जी.एम. या बड्या चित्रपट कंपनीने आपल्या संगीत विभागातल्या पूर्ण स्वरलिप्या आणि वादकांचे कागद टाकून दिले. ते भरावात गाडले गेले. दुष्टपणाने कोणी केले असे नव्हे. अडगळ झाली, जागा हवी होती, आणि याचा पुन्हा उपयोग होईल असे कुणाला वाटले नाही, इतकेच. सुदैवाने बऱ्याच चित्रपटांची मोजक्या ओळींत लिहिलेली संक्षिप्त टिपणे तेवढी वाचली.

त्याच सुमारास एल्मर बर्नस्टीन या दुसऱ्या संगीतकाराने एक काम अंगावर घेतले. हे स्वतः नामांकित, हाताला काम भरपूर. तरी १९७४ ते १९७९ या काळात त्यांनी पदरचे पैसे घालून इतरांचे विसरलेले चित्रपट-संगीत वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतले आणि वर्गणीदारांना टपालाने तबकड्या पाठवल्या. त्यांत रोझांचे 'थीफ ऑफ बगदाद', 'मादाम बोव्हारी', 'यंग बेस' हे चित्रपट होते. वर्गणीदार थोडे, खर्च मोठा. पण त्या थोड्यांच्या बळावर वाण जगला.

१९९५ साली रोझा वारले. त्यानंतरही काम थांबले नाही. प्राग शहरातल्या वाद्यवृंदाने संचालक निक रेन यांच्या हाताखाली २००७ मध्ये 'प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स' या १९७० च्या चित्रपटाचे, आणि २०१२ मध्ये 'क्वो व्हाडिस' या १९५१ च्या चित्रपटाचे संगीत संपूर्ण वाजवून मुद्रित केले. 'क्वो व्हाडिस' एम.जी.एम.चा, म्हणजे पूर्ण स्वरलिपी गेलेली. अशा वेळी उरलेले टिपण समोर ठेवायचे, जुना चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकायचा, इथे बासरी आहे की व्हायोलिन हे कानाने ओळखायचे आणि वाद्यागणिक कागद नव्याने लिहायचे. फार चिकाटीचे काम हे!

काही रसिक म्हणतात, नव्याने वाजवलेल्यात मूळची लज्जत नाही. ते खोटे नव्हे. वादक बदलले, हात बदलले. थोडा फरक पडणारच. पण गुळभेंडी ज्वारी शेजारच्या रानात लावली तर हुरड्याची चव जराशी बदलेल, म्हणून काय वाणच बुडू द्यायचा? मूळ मुद्रण असेल तर तेही जपावे, आणि नव्याने वाजवावेही.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाच्या जुन्या चाली, लग्नातले सनई-संबळाचे बोल यांची स्वरलिपी सहसा कुणी लिहिलेली नाही. त्या लोकांनी कागद तरी फेकले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागदच नाही. आपले बी माणसांच्या कंठात आहे आणि ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, घरातल्या मुलाने आजीच्या ओव्या वहीत उतरवाव्यात. गाणारीचे नाव, माहेरचे गाव, कोणत्या प्रसंगी गातात ते आणि तारीख लिहावी.

दुसरी, मोबाइलवर आवाज मुद्रित करावा. पंखा आणि मोटारपंप बंद असताना, शांत खोलीत. सुरुवातीला गाणारीने स्वतःच नाव सांगावे. एक प्रत मोबाइलवर, एक शाळेच्या संगणकावर, एक नातेवाइकाकडे ठेवावी. एकाच कणगीत सगळे बी ठेवू नये.

तिसरी आणि मुख्य गोष्ट म्हणजे पोरीबाळींनी ते गावे. सनईवाल्याजवळ एखाद्या मुलाला बसवावे. मुद्रण हा बियाण्याचा डबा झाला; गाणे ही पेरणी.

खळ्यावरची कामे उरकली, की एक संध्याकाळ यासाठी काढा. म्हातारी माणसे आढेवेढे घेतील, 'आता काय आठवतंय' म्हणतील. आपण वही उघडून बसावे. पहिली ओळ सापडली, की पुढच्या आपोआप येतात.