सायकल टांगू नका, वेळ बदला

मार्च उजाडला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टरसाहेब, आता सायकल बंद. आपल्या भुसावळचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे." पुढे पावसाळ्यात चिखल, ऑक्टोबरात उकाडा, थंडीत गारठा. वर्ष सरते आणि मधुमेहाच्या गोळ्या एकाच्या दोन होतात.

मला हे पटत नाही. ज्या गावात रेल्वेचे कामगार पाळी गाठायला बारा महिने सायकल मारत आले, तिथे ऋतूची सबब कशी चालेल? बदलायची ती वेळ, सवय नव्हे.

उन्हाशी थट्टा मात्र नको. ती चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तापीचा पूल ओलांडून यावल रस्त्याला लागलो. दुतर्फा केळीच्या बागा, समोर सातपुड्याची रांग. वेळेचे भान राहिले नाही. परतताना दहा वाजून गेले. पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका शेतकरीदादांनी बागेत निजवले, डोक्यावर पाणी ओतले, मीठ-साखरेचे पाणी पाजले. इतरांना उपदेश करणारा डॉक्टर केळीखाली आडवा! घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, हे मी रोज सांगतो; त्या दिवशी विसरलो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. दिवसातला गारवा सूर्योदयाच्या सुमारास. तेव्हा पहाटे साडेपाचला निघावे, सातला घरी यावे. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला अर्धा तास पुरे. लांबच्या फेरीला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावे, आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी निघू नये. सोबती उन्हात असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्यात शेतातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येते. शिवाय ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. वेग कमी ठेवा. हिवाळा सर्वांत सुखाचा, पण हृदयविकार असलेल्यांनी ऊन वर आल्यावरच, कान-छाती झाकून निघावे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. वाटेत वाळवंटही होते आणि पर्वतही. आपल्याला पूल ओलांडून परत यायचे आहे, एवढेच.

हे ऐकून परवा एक निवृत्त रेल्वेबाबू म्हणाले, "साडेपाच म्हणजे दूधवाल्याच्याही आधी की हो!" म्हटले, "नोकरीत रात्रपाळी केलीत ना?" ते हसले. चाकात हवा भरायला मात्र लगेच गेले.