दहात एक : हा हिशोब आम्हाला मंजूर नाही

विद्यापीठाचा विषय काढला की आपल्या बैठकीत बायका गप्प होतात. दारू, वनहक्क, रेशन, घरातली मारहाण हे आपले प्रश्न; अधिसभा, विद्यापरिषद, अभ्यासमंडळ म्हणजे प्राध्यापकांचं राजकारण, असं आपण धरून चाललो आहोत. मैत्रिणींनो, या समजुतीचा फायदा कोणाला होतो, हे एकदा तपासून पाहू या.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं. नाव इथल्या मातीचं आहे. कारभार मात्र राज्यातल्या इतर विद्यापीठांसारखाच, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे चालतो. अभ्यासक्रम आधी अभ्यासमंडळात तयार होतो, मग विद्याशाखेकडे जातो आणि विद्यापरिषदेत मंजूर होतो. पैशाचा हिशोब वित्त व लेखा समितीतून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिथून अधिसभेपुढे येतो. याच कायद्याने अधिसभेवर दोन कामं सोपवली आहेत : अर्थसंकल्पावर अंतिम अधिकार, आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांबद्दल समाजाचं म्हणणं विद्यापीठाच्या कानावर घालणं. समाजाचं! त्या समाजात आपण येतो की नाही?

आता जागा मोजा. अधिसभेवर प्राचार्यांमधून 10, अध्यापकांमधून 10 आणि नोंदणीकृत पदवीधरांमधून 10 प्रतिनिधी निवडून जातात. या प्रत्येक दहात स्त्रीसाठी राखीव जागा एक. अनुसूचित जमातीसाठी एक. 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या 38.7 टक्के होती. आदिवासी स्त्रीने या दोन खुर्च्यांपैकी कोणत्या खुर्चीकडे पाहायचं? बाईच्या जागेवर बिगर आदिवासी बाई बसेल, जमातीच्या जागेवर पुरुष बसेल, आणि कायदा पाळला गेला असंच कागदावर दिसेल.

आता याच जिल्ह्यांतल्या ग्रामसभेकडे पाहा. वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 साली सुधारणा झाली. त्यानुसार ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. त्याशिवाय गणपूर्ती होत नाही. ग्रामपंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे बांबू आणि तेंदूपत्त्याचा निर्णय बायकांशिवाय घेता येत नाही, पण पदवीच्या अभ्यासक्रमाचा आणि विद्यापीठाच्या पैशाचा निर्णय दहात एक बाई ठेवून बिनधास्त घेता येतो. जंगलातली सभा मागासलेली आणि विद्यापीठातली पुढारलेली, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर उत्तर तयार असतं : खुल्या जागेवर लढायला बायकांना कोणी अडवलंय? अडवलंय ते नोकरीच्या नियमांनी. कायद्याच्या लेखी अध्यापक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अध्यापक. तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशावर राबणारी बाई वर्गात मॅडम असते, पण मतदारयादीत नसते. ती उभी राहू शकत नाही, मतही देऊ शकत नाही. अभ्यासमंडळावर महाविद्यालयांतून जायचं तर विभागप्रमुख व्हावं लागतं आणि त्यासाठी आधी कायम नोकरी लागते. ती नोकरी देणाऱ्या निवड समितीचं पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम सांगतात की अर्जदारांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, स्त्रिया किंवा अपंग यांपैकी कोणी असेल आणि समितीत त्या गटाचं कोणी नसेल, तर या गटांतली एक व्यक्ती समितीत घ्यावी. गट सहा, खुर्ची एक. नेमणुकीपासून मंडळापर्यंतची सगळी साखळी अशी एकात एक अडकलेली आहे.

दुसरं उत्तर गुणवत्तेचं. तिथे ज्ञान लागतं, भावना चालत नाहीत, म्हणतात. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. दोन वर्षांत मला व्यक्तिकार्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवलं. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतः कसा करते, बोनसचा हिशोब कसा मांडते, हे मला बायकांनीच शिकवलं, तेही पदवी घेऊन आल्यावर. हे ज्ञान नाही का? 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. हे जगाला कळलं ते इथल्या बायका बोलल्या म्हणून. त्या बोलल्या नसत्या तर कोणत्या पाठ्यपुस्तकाने सांगितलं असतं?

मे महिन्यात पहाटे आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जाणारी मुलगी परीक्षेला कशी बसेल, हा प्रश्न वेळापत्रक करणाऱ्याला सुचायला हवा. सिरोंचाहून गडचिरोली जवळजवळ 200 किलोमीटर. वसतिगृहात खाट नसेल तर तिकडच्या मुलीचं शिक्षण सुटतं, हे अर्थसंकल्प मांडणाऱ्याला दिसायला हवं. ज्याच्या घरात हे घडत नाही, त्याला ते दिसेलच याचा भरवसा काय? त्याच्या चांगुलपणावर आपण किती दिवस विसंबायचं?

तेव्हा कामाला लागू या. आपल्या बचत गटांत, अंगणवाड्यांत, आशांमध्ये पदवीधर बायका आहेत. पण नुसती पदवी असून मत मिळत नाही. पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं. प्रत्येक संघटनेने आपल्या गावांतल्या पदवीधर बायकांची यादी करावी आणि नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत. अधिसभेची मुदत 5 वर्षांची असते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. राखीव जागेवर तर लढूच, खुल्या जागेवरही उमेदवार देऊ. आज अधिसभेवर असलेल्या सदस्यांना, बाई असो की पुरुष, गाठून विचारू : मुलींच्या वसतिगृहावर यंदा किती तरतूद आहे, त्यातली खर्च किती झाली, तासिका तत्त्वावरच्या बायकांचं मानधन किती महिने थकलं आहे? सभागृहात प्रश्न विचारणं त्यांचं काम आहे आणि त्यांना ते विचारायला लावणं आपलं.

आणि एक मागणी सरकारकडे : विद्यापीठाच्या प्रत्येक प्राधिकरणावर किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि त्यांत आदिवासी स्त्रीची जागा वेगळी हवी. ग्रामसभेला जी अट घातली, ती कुलगुरूंच्या सभेला घालायला सरकारला संकोच का वाटावा?