दोन धोके, एकच गैरसमज : धुळ्याच्या तुरुंगापासून राईनपाड्यापर्यंत

१/ समाजमाध्यमांवर मोकळेपणाने लिहावे की मौन पाळावे, हा प्रश्न आज प्रत्येक तरुणासमोर आहे. एखाद्या पोस्टमुळे अटक होते, एखाद्या फॉरवर्डमुळे माणसे मारली जातात. या दोन्ही गोष्टी सर्रास एकाच तागडीत तोलल्या जातात. खानदेशाचा इतिहास मात्र सांगतो की हे दोन निरनिराळे धोके आहेत. त्यांची गल्लत झाली की शिक्षा भलत्यालाच होते.

२/ धुळे, १९३२. सविनय कायदेभंगात शिक्षा झालेले विनोबा भावे येथील तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी त्यांनी सहबंद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली आणि पुढे ‘गीता प्रवचने’ घरोघरी पोहोचले. बंदिवासातही शब्द थांबला नाही.

३/ हेच साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. वाचक मोजके, पण लिहिणारा कोण, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यांचा ‘पत्री’ हा काव्यसंग्रह पुढे इंग्रज सरकारने जप्त केला. शब्दाखाली नाव असले की सत्तेला हात घालायला जागा सापडते.

४/ सत्तेजवळ त्यासाठी हत्यारही होते. १८७० मध्ये भारतीय दंडविधानात राजद्रोहाचे कलम १२४अ आले. सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा गुन्हा ठरला. अप्रीती म्हणजे नेमके काय, हे ठरवणार सरकारचेच न्यायालय. या कलमाखाली टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. शब्द जितका संदिग्ध, तितका कायद्याचा फास मोठा.

५/ स्वातंत्र्यानंतरही ही संदिग्धता संपली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई ठप्प झाली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला; दुसरीने तो मजकूर केवळ ‘लाइक’ केला. दोघींनाही अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. जमाव चिडला, आणि पोलिसांनी उचलले ते लिहिणाऱ्यांना.

६/ माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ तेव्हा चर्चेत आले. ‘त्रासदायक’ मजकूरही त्यात गुन्हा होता. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बंधन येते ते तिसरीवर.

७/ आता दुसरा धोका. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके भिक्षेकरी तेथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. पाचही जण मरण पावले.

८/ पालघरच्या मजकुराखाली नाव होते, मत होते, प्रश्न होता. राईनपाड्याला पोहोचलेला संदेश कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणत्या गावातले मूल पळवले, यांपैकी काहीच त्यात नव्हते. एक होते अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. दुसरे, पडताळा न घेता हातोहात फिरवलेले भय. पहिल्याने कोणाचा जीव गेला नाही. दुसऱ्याने पाच घरे उघडी पडली.

९/ राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. हा उपाय अफवेच्या वेगावर होता, कोणाच्या मतावर नव्हे. म्हणूनच तो योग्य दिशेचा होता. ‘समाजमाध्यमांना वेसण घाला’ अशी सरसकट मागणी झाली की वेसण बसते ती नाव लावून लिहिणाऱ्याला. निनावी फॉरवर्ड मोकाटच राहते.

१०/ शब्दांमुळे दंगली होतात, हा आक्षेप खोटा नाही. चिथावणीला शिक्षा हवीच. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १९६ आणि ३५३ आहेत. परंतु जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इतिहासातील व्यक्तींच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि इंटरनेटबंदी झाली, तेव्हा एक गोष्ट उघड झाली : इतिहासाविषयी लिहिणारा तरुण या वादळाच्या अगदी मध्यावर उभा आहे. मतभेद आणि चिथावणी यांतील रेघ पुसली गेली, तर पहिला बळी इतिहासलेखनाचा जाईल.

११/ उत्तर धुळ्यातच आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड सिद्ध करणारे वि. का. राजवाडे यांनी १९२६ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही या शहरात दप्तरे जपून आहे. राजवाडे तिखट लिहीत, पण अस्सल कागद पुढे ठेवून लिहीत. विधान कितीही धारदार असो, त्याच्याखाली नाव, तारीख आणि पुरावा असेल तर त्याला उत्तर देता येते. अफवेला उत्तर देता येत नाही. ती पत्ताच ठेवत नाही.

१२/ तेव्हा भीतीपोटी मौन पत्करणे हा उपाय नव्हे. मौनाने निर्माण झालेली पोकळी निनावी फॉरवर्डच भरून काढतात. लिहिणाऱ्याने नाव लावावे, आधार द्यावा, चूक झाल्यास ती उघडपणे दुरुस्त करावी. पुढे पाठवणाऱ्याने क्षणभर थांबून ‘हे कोणी पाहिले?’ एवढे विचारावे. आणि शासनाने चिडलेल्या जमावाला शांत करण्यासाठी लिहिणाऱ्याला कोठडीत टाकण्याची सवय सोडावी. धुळ्याच्या तुरुंगातून ग्रंथ बाहेर आला. राईनपाड्यात ‘हे कोणी पाहिले?’ असे कोणी विचारले असते, तर ती पाच माणसे घरी परतली असती.